त्या दहांत एक शिक्षक होता

इयत्ता नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात नाझीवाद आणि हिटलरचा उदय यांवर एक प्रकरण आहे. इतिहासाचे शिक्षक दीर्घ रजेवर गेल्यामुळे गेल्या हिवाळ्यात ते शिकविण्याचे काम आमच्याकडे आले. मुख्याध्यापकाच्या वाट्याला हल्ली वर्ग थोडे आणि कागद फार येतात. त्यामुळे पुष्कळ दिवसांनी हातात खडू आला, याचा आम्हांला आनंदच झाला. पहिल्या महायुद्धातील पराभव, व्हर्सायचा तह, १९२३ सालची चलनाची धूळधाण, १९२९ नंतरची मंदी, बेकारांच्या रांगा आणि त्यांतून वर आलेला हिटलर, अशी सारी मांडणी आम्ही यथासांग केली. तास संपत आला असता शेवटच्या बाकावरील एक मुलगा, जो एरवी तोंड उघडीत नाही, उभा राहिला आणि त्याने हिंदीत विचारले, की तेव्हा तिथल्या शाळांतले मास्तर काय करीत होते?

तेवढ्यात घंटा झाली. ‘उद्या सांगतो’ असे म्हणून आम्ही सुटलो. आजवरच्या नोकरीत घंटेने आम्हांला पुष्कळदा वाचविले आहे. पण त्या दिवशी वर्गाबाहेर पडताना आपण वाचलो, असे काही वाटले नाही.

आमच्या पिढीच्या मराठी घरांत हा विषय प्रथम आला तो वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ या ग्रंथावाटे. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आमच्यासारख्यांनी तो गावातल्या मराठी ग्रंथालयातून आणून, पाळी लावून वाचला. पुढे महाविद्यालयात असताना विल्यम शायरर या अमेरिकन पत्रकाराचा १९६० साली प्रसिद्ध झालेला, हजाराहून अधिक पृष्ठांचा इंग्रजी ग्रंथ आमच्या हाती पडला. शायरर हा १९३४ पासून १९४० च्या अखेरीपर्यंत बहुतेक काळ बर्लिनमधून बातम्या पाठवीत होता. त्यापूर्वी १९३१ मध्ये तो हिंदुस्थानात येऊन गांधीजींनाही भेटला होता. दोन्ही ग्रंथ थोर आहेत. परंतु त्यांत आपल्याला भेटतात ती माणसे म्हणजे हिटलर, गोअरिंग, गोबेल्स, हिमलर. गल्लीतला शिंपी, नाक्यावरचा पोलीस आणि शाळेतला मास्तर त्यांत गर्दीचा भाग म्हणून दिसतो. त्याचा आवाज काही कानी येत नाही.

तो आवाज ज्यात ऐकू येतो, अशा एका पुस्तकाचा परिचय आज वाचकांना करून द्यावयाचा आहे. लेखक मिल्टन मायर. हाही अमेरिकन, हाही पत्रकारच. १९०८ साली शिकागो येथे एका ज्यू कुटुंबात जन्मलेला. ‘दे थॉट दे वेअर फ्री’ हे पुस्तकाचे नाव. ‘आपण स्वतंत्र आहोत, असे त्यांना वाटत होते’, असे त्याचे मराठी करता येईल. शिकागो विद्यापीठाने ते १९५५ साली छापले आणि २०१७ साली रिचर्ड इव्हान्स या इतिहासकाराच्या उपसंहारासह पुन्हा प्रसिद्ध केले.

१९३५ साली मायर बर्लिनला गेला होता तो हिटलरची मुलाखत मिळावी म्हणून. महिनाभर खटपट करूनही ती मिळाली नाही. मग तो देशभर हिंडला, आणि त्याच्या ध्यानात आले की, मूठभर दुष्टांनी कोट्यवधी असहाय लोकांवर बसविलेली ही केवळ जुलूमशाही नव्हे. हिच्यामागे माणसे आहेत, आणि ती मनापासून आहेत. मुलाखत न मिळाल्याचे त्याचे दुःख ओसरले. आपल्याला भेटावयाचा होता तो माणूस बहुधा हिटलर नसून त्याच्यामागे चालणारा साधा जर्मन होता, असे त्याला वाटू लागले. त्याला भेटण्यासाठी मध्ये एक महायुद्ध जावे लागले. १९५१ साली तो बायकामुलांसह पश्चिम जर्मनीत गेला आणि एका लहानशा विद्यापीठाच्या गावी वर्षभर बिऱ्हाड करून राहिला. पुस्तकात त्या गावाला ‘क्रोनेनबर्ग’ असे टोपणनाव आहे. खरे गाव हेसे प्रांतातील मारबुर्ग. लान नदीच्या काठी, टेकडीवर वसलेले, १५२७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचे हे गाव.

तेथे त्याने दहा माणसांशी स्नेह जोडला. एक शिंपी, त्याचा मुलगा, एक सुतार, एक बेकरीवाला, एक विक्रेता, एक वसुली कारकून, बँकेतून बेकार झालेला एक कारकून, एक पोलीस, त्या काळी विद्यार्थीदशेत असलेला एक तरुण आणि एक माध्यमिक शिक्षक. सारे पूर्वी नाझी. सत्ताधीश म्हणावा असा त्यांत एकही नव्हता. मायरला जर्मन भाषा धड येत नव्हती आणि याचा त्याला उपयोगच झाला. कारण बोलणाऱ्याला शिकविणाऱ्याचा मोठेपणा मिळाला. आपण ज्यू आहोत, हे मात्र त्याने त्यांना सांगितले नाही. पुस्तक वाचताना ही गोष्ट आम्हांला सतत बोचत राहिली. पण सांगितले असते तर पुस्तक झाले नसते, हेही तितकेच खरे. याहून अवघड कबुली मायर पुढे देतो. ती अशी की, ही दहाही माणसे त्याला आवडली.

पुस्तकाची सुरुवात ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्रीने होते. त्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली. या गावचेही जळाले. दहांपैकी तो शिंपी त्या जाळपोळीत होता आणि युद्धानंतर त्याला त्याबद्दल शिक्षाही झाली. बाकीच्यांपैकी बहुतेकांच्या दृष्टीने ती ‘गावात घडलेली’ एक गोष्ट होती. वाईट झाले खरे, पण आपण काय करणार? सकाळी दुकाने उघडावयाची होतीच.

मायरने त्यांना विचारले, तुमच्या आयुष्यातला चांगला काळ कोणता? युद्धापूर्वीचा हिटलरचा काळ, असे उत्तर बहुतेकांनी दिले, तेही पराभव पाहिल्यानंतर. हे वाचून प्रथम संताप येतो. परंतु मागचे आकडे समोर ठेवले, म्हणजे त्या उत्तराचा उलगडा होतो. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला अवघी २.६ टक्के मते आणि बारा जागा मिळाल्या होत्या. चार माणसांत त्याचे नाव काढले तर लोक हसत. मग मंदी आली. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के मते आणि १०७ जागा, जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांवर मते आणि २३० जागा. त्या साली बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात होती. नोव्हेंबर १९३२ मध्ये पक्षाची मते घटून ३३ टक्क्यांवर आली. म्हणजे मोकळ्या निवडणुकीत हिटलरला बहुमत कधीच मिळाले नाही. त्याला ३० जानेवारी १९३३ रोजी चॅन्सेलरच्या खुर्चीवर बसविले ते वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग आणि त्याच्या भोवतालच्या प्रतिष्ठितांनी. हा माणूस आपल्या मुठीत राहील, असा त्यांचा हिशेब होता. २७ फेब्रुवारीस संसदभवनास आग लागली, दुसऱ्या दिवशी वटहुकुमाने नागरिकांचे मूलभूत हक्क गोठविले गेले, आणि २३ मार्चला संसदेनेच ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा आपला अधिकार सरकारच्या हवाली केला. विरुद्ध मत दिले ते फक्त समाजवादी लोकशाही पक्षाच्या सभासदांनी. कम्युनिस्टांना तर सभागृहात पाऊलच टाकता आले नव्हते.

हे सारे बर्लिनमध्ये घडत होते. शिंप्याच्या मुलाला दिसत होते ते एवढेच, की आपल्याला काम मिळाले. बेकरीवाल्याला दिसत होते की गिऱ्हाईक परत आले. मुले शिबिराला जात होती, कामगारांना स्वस्तात सहली घडत होत्या, रस्ते होत होते. जो शेजारी दिसेनासा झाला, तो ‘गेला’. कोठे गेला, हे विचारण्याची चाल नव्हती. आपल्या घरचा दिवा लागला की शेजारच्या घरचा विझल्याचे माणसाला चटकन दिसत नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. दहांतला शिक्षक हा त्या साऱ्यांत शिकलेला, समंजस आणि संवेदनशील. १९३३ पूर्वी तो एका मवाळ लोकशाहीवादी पक्षात होता. ती ओळख पुसावी म्हणून तो या गावी आला आणि १९३७ साली नाझी पक्षाचा सभासद झाला. नाझी राजवट ही दुष्ट आहे, हे दहांपैकी त्या एकालाच त्याच वेळी कळलेले होते. इतरांना कळले नाही म्हणून ते गेले. हा कळूनही गेला. प्रथम भयामुळे, असे तो सांगतो. मग मायरने वर्षभर बोलते केल्यावर तो दुसरे कारणही सांगतो, आणि ते सांगताना स्वतःला सोडत नाही. पक्षात शिरल्यावर गावातला सामान्य माणूस त्याला आपला मानू लागला. पुस्तकी माणूस म्हणून जन्मभर चार हात दूर राहिलेल्या त्या शिक्षकाला प्रथमच कोणाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहण्याचे सुख मिळाले. ते त्याला आवडले. भयाची कबुली पुष्कळ माणसे देतात. आवडल्याची कबुली देण्यास निराळे धैर्य लागते.

तो काही एकटा नव्हता. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यू आणि ‘अविश्वसनीय’ सरकारी नोकरांना काढून टाकण्यात आले. शिक्षकही त्यांत आले. उरलेल्यांनी रिकाम्या खुर्च्या भरल्या. १९३६ पर्यंत देशातील सुमारे ९७ टक्के शिक्षक नाझी शिक्षकसंघाचे सभासद झालेले होते. तास सुरू होताना हात वर करून हिटलरचा जयघोष करावा लागे. गणिताच्या पुस्तकांत, वेड्यांच्या इस्पितळावर सरकारचा किती खर्च होतो आणि तेवढ्यात निरोगी कुटुंबांसाठी किती घरे बांधता येतील, अशी उदाहरणे आली. ती उदाहरणे कोणा राक्षसाने फळ्यावर लिहिली नाहीत. आमच्यासारख्याच, पगाराची तारीख आणि मुलीचे लग्न डोक्यात असलेल्या माणसाने ती लिहिली, मुलांकडून सोडवून घेतली आणि बरोबर उत्तरांना गुण दिले.

पण हे झाले कसे? या प्रश्नाचे उत्तर या पुस्तकात त्या दहांबाहेरचा एक भाषाशास्त्रज्ञ देतो, आणि पुस्तकातला तो भाग सर्वांत अधिक वाचला गेला आहे. त्याचा आशय आमच्या शब्दांत सांगावयाचा तर असा: भिंतीला ओल चढावी, तसे हे चढत गेले. आज बोटभर, पुढल्या महिन्यात आणखी बोटभर. प्रत्येक पायरी मागच्या पायरीहून थोडीशीच वाईट. जी मागची सोसली, तिच्या मानाने ही फार नाही. आपण वाट पाहत असतो ती एखाद्या मोठ्या, भयंकर घटनेची. ती घडली की सारेच उठतील, आपणही उठू. ती घटना तशी येतच नाही. शिवाय फुरसत कोणाला होती? सभा, परिषदा, अहवाल, याद्या, भरून द्यावयाचे तक्ते. सज्जन माणसाला विचार करण्यास वेळच मिळू नये, इतके काम राजवटीने लावून दिले होते, आणि खरे सांगावयाचे तर विचार न करण्यास सबब मिळाली म्हणून तो मनातून कृतज्ञच होता. मग एके दिवशी त्याच्या चिमुरड्या मुलाने, ज्याला अजून नीट बोलताही येत नव्हते, ज्यूंना उद्देशून एक शिवी तोंडातून काढली. बापाने ती शिकविली नव्हती. ती घरातल्या हवेत होती.

एक रसायनतज्ज्ञ अभियंता आणखी पुढे जातो. १९३५ साली त्याला निष्ठेची शपथ घ्यावयास सांगण्यात आले. नकार दिला असता तर तुरुंग नव्हता. नोकरी गेली असती, एवढेच. चोवीस तास विचार करून त्याने शपथ घेतली. जागेवर राहिलो तर कोणाच्या तरी उपयोगी पडू, असा त्याचा विचार होता, आणि तो पुढे खरोखरच उपयोगी पडला. आपल्या घरात त्याने माणसे लपविली, जीव वाचविले. तरीही, आपण हरलो ते शपथेच्या त्या दिवशीच, असे तो म्हणतो. माझ्यासारखी शिकलेली, मानाची, पोटापुरते कोठेही मिळवू शकणारी माणसे हजारोंनी होती. आम्ही नाही म्हटले असते तर ही राजवट उभीच राहिली नसती, असा त्याचा हिशेब आहे. तो बरोबर की चूक, यावर वाद होईल. पण एखाद्याने पुण्यकृत्य करूनही स्वतःला निर्दोष ठरवू नये, ही गोष्ट दुर्मिळ खरी.

पुस्तकात उणिवा नाहीत असे नाही. दहांत एकही बाई नाही. कारखान्यातला कामगार नाही. प्रॉटेस्टंट पंथाच्या लहान विद्यापीठाच्या गावावरून हांबुर्ग वा बर्लिनची कल्पना करता येत नाही. उत्तरार्धात मायर जर्मन माणसाच्या राष्ट्रीय स्वभावाविषयी जे सिद्धांत मांडतो, ते आज पटत नाहीत. ‘जर्मन असेच’ म्हटले की जगातले बाकीचे लोक सुटतात, आणि बाकीच्यांना सोडू नये हाच तर पूर्वार्धाचा धडा आहे. पराभूत माणूस विजेत्या देशाच्या पाहुण्याला किती खरे सांगेल, हाही प्रश्न उरतोच. तरीदेखील या विषयावरचे आम्ही वाचलेले दुसरे कोणतेही पुस्तक वाचकाला इतक्या जवळ नेऊन उभे करीत नाही. जर्मनीत २०२५ च्या फेब्रुवारीतील निवडणुकीत एका अतिउजव्या पक्षाने २०.८ टक्के मते मिळवून दुसरे स्थान पटकाविले. ते १९३३ नव्हे, हे आम्ही जाणतो; त्या देशाची राज्यघटना निराळी, काळ निराळा. पण जे पुस्तक शेल्फावर विश्रांती घेण्यास मोकळे व्हावे, त्याला अजून ती मिळालेली नाही.

येथवर लिहून थांबलो असतो तर ठीक होते. परंतु पुस्तक वाचीत असता आम्हांला वारंवार आठवला तो मारबुर्गचा शिक्षक नव्हे. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा दुसऱ्या एका शाळेत होतो. आठवीत एक मुलगा होता. त्याच्या घरचा धर्म वर्गातल्या बहुसंख्य मुलांच्या धर्माहून निराळा. मुले त्याला नावाने न पुकारता शेजारच्या एका देशाच्या नावाने पुकारीत. व्हरांड्यातून जाताना ते आम्ही ऐकले, एकदा नव्हे, चारदा. ‘मुलेच ती, चालायचेच’ असे मनाशी म्हणून आम्ही पुढे गेलो. हातात कसलीशी माहिती वर पाठविण्याचे तक्ते होते आणि शेवटची तारीख होती. सहामाही परीक्षेनंतर त्याचे वडील दाखला मागावयास आले. कारण विचारले, तर ‘घर बदलले’ म्हणाले. आम्ही रजिस्टरात ‘स्थलांतर’ असे लिहिले, सही केली, शिक्का मारला. त्यानंतर वर्षभराने त्यांच्या दुकानावरून जाण्याचा प्रसंग आला. दुकान तेच, वरचे घर तेच, खिडकीत वाळत घातलेले कपडे त्याच मुलाच्या वयाचे. त्यांनी आम्हांला नमस्कार केला. आम्हीही केला.

आमच्यावर कसलीही सक्ती नव्हती. कोणा हुकूमशहाचे भय नव्हते, शपथ नव्हती. होता तो एक तक्ता आणि एक तारीख. म्हणून मारबुर्गच्या शिक्षकाला दोष देताना आमची लेखणी अडखळते, आणि त्याला माफ करताना त्याहून अधिक अडखळते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणां मराठी माणसांना हे निराळे समजावून सांगावे लागू नये. परक्या भाषेच्या गावात आपल्या आडनावाची चेष्टा, आपल्या बोलण्याची नक्कल आपणही शाळेत सोसलेली आहे. आपल्याला कोणी ‘गेले’ म्हटले नाही, कारण कोठल्या तरी एखाद्या मास्तरांनी त्या मुलाचा कान धरला होता. आमच्या वेळी तो धरणारे मास्तर मराठी नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गावर गेलो आणि त्या मुलाला उत्तर दिले. बहुतेकांनी सही केली, असे सांगितले. काहींना काढून टाकले, काही देश सोडून गेले, काहींनी दार लावून घेऊन घरात खरे शिकविले. पण बहुतेकांनी सही केली. त्यांतला एक शिक्षक कसा होता, तेही सांगितले. मुलगा ऐकत उभा होता. मग त्याने विचारले, की त्या शिक्षकाच्या वर्गात तेव्हा ज्यू मुले होती का आणि त्यांचे काय झाले?

आम्ही फळ्यावर १९३८ हा आकडा लिहिला आणि सांगावयास सुरुवात केली. त्या दिवशी घंटा झाली तेव्हा वर्ग उठला नाही, आणि आम्हीही ‘उद्या सांगतो’ असे म्हटले नाही. परतताना व्हरांड्यात दोन मुले तिसऱ्याला काहीतरी म्हणून हसत होती. काय म्हणत होती, ते विचारण्यासाठी आम्ही थांबलो. कार्यालयात भरावयाचे तक्ते तसेच होते. ते दुपारी भरले.